बैलमुंड्याला मारायचं नाही

धाराशिवात आमचं फ्लेक्सचं दुकान आहे. मशीन नवरा सांभाळतो, डिझाईन मी करते. वाढदिवस, निवड, फेरनिवड, दुकानाचं उद्घाटन, भावपूर्ण श्रद्धांजली, सगळं माझ्या हाताखालून जातं. एखाद्या भाऊंच्या गालावरचे खड्डे बुजवणं, एखाद्या दादांच्या गळ्यातली साखळी जरा जाड करणं, मागं वाघ उभा करणं, हे आता मला डोळे मिटूनही जमेल. पण दिवसभर दुसऱ्यांची तोंडं चकचकीत करून कंटाळा येतो. म्हणून दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी टॅबवर माझं काहीतरी काढत बसायचे. त्यातून ते कॉमिक निघालं.

कॉलेजात असताना वाचनालयात मला ग्रीक पुराणकथांचं एक जुनं मराठी पुस्तक सापडलं होतं. त्याचं कव्हर गेलेलं, पहिली पानंही गेलेली, त्यामुळं ते कुणी लिहिलं हे मला आजही माहीत नाही. पण त्यातले देव डोक्यात घर करून बसले. पुढं लग्नानंतर एकदा तेरला एका लग्नाला गेलो होतो. नवरदेवाची गाडी वाटेत बंद पडली आणि मुहूर्त लांबला, म्हणून मी तिथल्या वस्तुसंग्रहालयात शिरले. काचेमागं मातीचे दिवे, शंखाच्या बांगड्या, नाणी. फार जुन्या काळी तेरहून गाड्या भरून माल निघायचा आणि समुद्र ओलांडून यवनांच्या देशात जायचा, असं तिथल्या माणसानं सांगितलं. मी त्या नाण्यांकडं बघत विचार केला, माल तिकडं गेला, तर परतीच्या गाड्यांतून तिकडच्या गोष्टी इकडं आल्याच नसतील कशावरून?

झालं. तेरची एक पोरगी तेरणेच्या काठावर धुणं धुताना वाळूत चपलांचा एक जोड बघते. चामड्याच्या चपला, टाचेला पंख. ती पायात घालते आणि धुण्याच्या पिळ्यासकट वर उडते. इथून सुरुवात. मग ते सगळे ग्रीक देव तिला कामं सांगायला लागतात. मी तिला नाव दिलंच नव्हतं, वाचणाऱ्यांनीच तिला ‘पंखवाली’ करून टाकलं.

दर रविवारी एक पान, इन्स्टाग्रामवर आणि व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपवर. ग्रुप नवऱ्यानं काढला. त्यात त्यानं आधी सगळे नातेवाईक घातले, मग गिऱ्हाइकं घातली, कुणालाही न विचारता. पहिल्या पानावरची पहिली प्रतिक्रिया अशी होती: ‘असली चप्पल धाराशिवात कुठं भेटंल?’ दुसरी: ‘पोरगी एवढी वर उडाली तर साडीला कुठं कुठं पिना लावल्यात ते दाखवा.’ तिसरी कळंबच्या एका निवृत्त गुरुजींची. त्यांच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा फ्लेक्स आम्ही केला होता, तेवढीच ओळख. त्यांनी गोष्टीबद्दल काही न लिहिता माझ्या तीन वेलांट्या दुरुस्त करून पाठवल्या. मग दर रविवारी ते असंच करायला लागले. एकदा पान अगदी निर्दोष गेलं, तर त्यांचा मेसेज आला, ‘आज चूक सापडली नाही.’ वाचून असं वाटलं, की बिचाऱ्यांचा रविवार वाया गेला.

माझी सगळ्यात जवळची वाचक म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणते. मोबाईलवरची बारकी अक्षरं त्यांना दिसत नाहीत, म्हणून त्या भाजी निवडायला बसल्या की मी त्यांना पान वाचून दाखवायचे. ग्रीकांचा तो मोठा देव, हातात वीज घेऊन फिरणारा, त्यांना पहिल्यापासून आवडला नाही. हा देव दिसेल त्या बाईच्या मागं लागतो. एकीसाठी हंस झाला, एकीसाठी बैल झाला, आणि एक राजकन्या कोठडीत बंद होती तर तिच्यासाठी सोन्याचा पाऊस होऊन वरून पडला.

“सोन्याचा?” आत्यांनी मेथीची जुडी खाली ठेवली.

“हो.”

“मग तिच्या घरच्यांनी खाली भांडी लावली असतील.”

“तसं काही लिहिलेलं नाही.”

“लिव्हायला कशाला पायजे? आन् ह्याला बायको न्हाय का?”

“आहे की.”

“मग ती काय करती?”

“ती त्या बायकांनाच शाप देते.”

आत्यांनी पुन्हा मेथी हातात घेतली. दोन काड्या खुडल्या. मग म्हणाल्या, “लांबचा देश म्हनून वाटलं काहीतरी येगळं असंल.”

आमच्या शेजारी ब्लाऊज शिवणाऱ्या चाचींचं दुकान आहे. त्याही पहिल्या पानापासून वाचतात. डोक्यावर केसांऐवजी साप असलेली बाई आली, तेव्हा मला वाटलं होतं लोक घाबरतील. चाची गळ्यातली टेप सावरत आमच्या दुकानात आल्या आणि म्हणाल्या, “बेटा, एवढे साप, ती तेल कसं लावत असंल गं?” हा प्रश्न मी आयुष्यात ऐकलेल्या सगळ्यात चांगल्या प्रश्नांपैकी एक आहे. पुढच्या पानात मी त्या बाईला सापांना दूध पाजताना दाखवलं, आणि त्या आठवड्यात ग्रुपमधल्या बायकांनी आपापल्या वेण्यांचे फोटो टाकले.

असं सगळं मजेत चाललं होतं. मग मी बैलमुंड्या आणला.

मूळ कथा थोडक्यात सांगते. एका बेटावरच्या राजाच्या घरी माणसाचं धड आणि बैलाचं डोकं असलेलं पोर जन्मतं. राजाला लाज वाटते. तो एक भुलभुलैया बांधतो, इतक्या वळणांचा की आत गेलेला बाहेर येऊ नये, आणि त्यात ह्या पोराला कोंडतो. मग त्याला खायला म्हणून माणसं आत सोडतात. शेवटी एक वीर दोऱ्याचं गुंडाळं घेऊन आत शिरतो, बैलमुंड्याला मारतो आणि दोऱ्याच्या मागानं बाहेर येतो. माझ्या कॉमिकात वीराच्या जागी पंखवाली जाणार होती. भुलभुलैयाचं छत इतकं ठेंगणं की तिला उडता येऊ नये, असं मी खुबीनं ठरवलं होतं.

बैलाचं डोकं काढायला मला खरा बैल हवा होता. माझ्या फोनमध्ये होताच. आत्यांचे धाकटे भाऊ, आमचे मामा, सास्तूरला शेती करतात. आसपासच्या सगळ्यांनी ट्रॅक्टर सांगायला सुरुवात केली, तरी मामांनी एक जोडी ठेवलीय. त्यातला तांबडा बैल फार देखणा आहे. कपाळावर पांढरा टिळा, एक शिंग जरा आत वाकलेलं, आणि डोळे असे की बघणाऱ्यालाच अवघडल्यासारखं होतं. मी त्याचं तोंड जसंच्या तसं उचललं. भुलभुलैयाही सास्तूरचाच घेतला. भूकंपानंतर ते गाव नव्यानं वसवलं, तिथल्या गल्ल्या सरळ, घरं एकसारखी, आणि मी आजवर एकदाही न चुकता मामांच्या घरी पोचलेली नाही.

बैलमुंड्याचं पहिलं पान गेलं आणि दहा मिनिटांत आत्यांचा फोन वाजला. मामांचा आवाज मला स्वयंपाकघराच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येत होता.

“आक्का! तुज्या सुनंनं माजा तांबडा छापलाय गं!”

मामांनी ते चित्र स्टेटसला ठेवलं. बघता बघता सास्तूरची अर्धी माणसं ग्रुपमध्ये आली. बैलमुंड्या भुलभुलैयातल्या एकेका वळणावर उभा राहायचा आणि गावातून लोक लिहायचे, ‘ही आपल्या मारुतीमागची गल्ली’, ‘ह्या दाराला आमच्यासारखीच कडी हाय.’ मी हुरळून गेले. हुरळून गेलेल्या माणसानं कॅलेंडर बघायचं असतं, ते मी बघितलं नाही.

त्या रविवारच्या पानाच्या शेवटी पंखवाली तलवार उगारून उभी आहे. समोर बैलमुंड्या, मान खाली. खाली मी ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, ‘आता एकच घाव!’ आणि पोळा अवघ्या आठवड्यावर आला होता.

सकाळी उठून बघते तर फोन गरम. ‘ताई, सणासुदीला हे काय?’ ‘बैल मारणारी पंखवाली आमाला नको.’ ‘त्यानं बिचाऱ्यानं काय केलंय, कोंडलं राजानं.’ एका बाईंनी आवाजी मेसेज पाठवला होता, त्यात शब्द एकही नव्हता, नुसतं ‘च्च, च्च, च्च’ होतं. कळंबच्या गुरुजींनी लिहिलं, ‘या वेळची चूक शुद्धलेखनाची नाही.’

दुसरी बाजूही होती. धाराशिवातल्या एका व्यायामशाळेतली पोरं कॉमिक मन लावून वाचायची. त्यांचा म्होरक्या, दंड बाह्यांत न मावणारा, दुपारी दुकानात आला. आला ते कसलंसं बॅनर सांगायला, पण बोलायला लागला भलतंच.

“ताई, लोकांचं ऐकू नका. आपलं मत सांगतो, एका घावात खलास. एवढे महिने फाईट न्हाय झाली.”

चाची बाहेरच उभ्या होत्या. त्या आत आल्या. “कायकू रे? तेरा क्या बिगाडा उसने?”

“चाची, त्यो व्हिलन हाय. माणसं खातोय.”

“उसकू दुसरं काही दिलं का कुणी?”

“पण गोष्टीत तसंच हाय की!”

“गोष्ट ही लिहितीय ना?” चाचींनी माझ्याकडं बोट केलं. “फिर? बेटा, नक्को मार उसकू.”

तो पैलवान गडी माझ्याकडं बघायला लागला, चाची माझ्याकडं बघायला लागल्या, आणि मशीनमागून माझा नवराही मान काढून बघायला लागला. मी म्हणाले, “विचार करते.” तो बॅनर न सांगताच गेला.

संध्याकाळी पुण्याहून एका मुलीचा लांबलचक मेसेज आला. ती कॉलेजात पुराणकथांचा अभ्यास करत होती. तिचं म्हणणं, लोकांच्या दबावाखाली मूळ मिथक बदललं तर ती कलाकाराची हार असेल. मला ते पटलं. खरं तर फारच पटलं, कारण मला कुणी कलाकार म्हणेल असं वाटलं नव्हतं. मी मनाशी ठरवलं, बैलमुंड्या मरणार. मी दुसऱ्याच्या सांगण्यावरून साखळ्या जाड करतेच की रोज. निदान इथं तरी कुणाचं ऐकायचं नाही.

दुसऱ्या दिवशी मामांनी ग्रुप सोडला. रागाचा मेसेज नाही, फोन नाही, नुसती ती एक बारकी ओळ. त्यांच्यामागून सास्तूरची माणसं एकेक करून गेली, जसं लग्नाच्या मांडवातून एक मोठा माणूस उठला की पंगतच उठते.

घरात आत्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं नाही, पण बोलण्याची तऱ्हा बदलली. मी म्हणाले, आमटीत मीठ जरा जास्त झालंय. त्या म्हणाल्या, “मग मारून टाक आमटीला.” फॅन कुरकुर करतोय म्हणाले, तर म्हणाल्या, “तलवार आण.” नवरा ताटात डोकं घालून हसत होता. मी चिडले.

“आत्या, ती गोष्ट आहे हो. ग्रीक लोकांची. हजारो वर्षं तो बैलमुंड्या मरतोच आहे.”

“मरू दे की त्यांच्यात. आमच्या भावाचा बैल का घेतलास मग?”

मी आमटीत पाणी घालायला उठले.

पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी आत्या पिशवी भरून दारात उभ्या. “म्या सास्तूरला चालले. तुला यायचं तर ये, न्हायतर ऱ्हा तुज्या राजाच्या वाड्यात.” मी टॅब पिशवीत टाकला आणि निघाले. दुकान नवऱ्यावर सोडलं. एसटीत आत्यांनी मला खिडकी दिली, त्यावरून मला कळलं की राग अर्धाच उरलाय.

सास्तूरला उतरल्यावर आत्या त्यांच्या एका मैत्रिणीकडं वळल्या. “तू हो म्होरं, आलेच.” आणि मी त्या गल्ल्यांत एकटी. पहिलं वळण बरोबर घेतलं, दुसरं बहुतेक बरोबर, तिसऱ्यानंतर मी पुन्हा पहिल्याच कट्ट्यापाशी आले. कट्ट्यावर चारदोन म्हातारी माणसं बसली होती. मी तिसऱ्यांदा तिथून गेले तेव्हा एकजण दुसऱ्याला म्हणाला, “हीच का रं ती, बैल मारणारी?”

“हीच,” दुसरा म्हणाला. मग मला म्हणाला, “बाई, मामाच्या घरला डावीकडनं जावा. आन् दोरा आणला न्हाय का संगं?”

मी हसले, ते हसले. बरं वाटलं. निदान वाचत तरी होते.

मामा घरामागच्या गोठ्यात होते. दोन्ही बैल धुऊन उभे केलेले, अंगावर अजून ओल. आदल्या दिवशी खांदेमळण असते. वर्षभर जू ओढून बैलाचा खांदा घट्ट झालेला असतो, त्याला हळद आणि लोणी चोळतात. मामांच्या हातात वाटी होती. मला बघून त्यांनी ‘ये’ म्हटलं, पण मान वर केली नाही. मी जवळ गेले. त्यांनी वाटी पुढं केली.

“हात लाव. चित्र काढायला घेतलास, खांदा कसा हाय ते बघ तरी.”

मी बोटं बुडवली आणि तांबड्याच्या खांद्यावर ठेवली. मला वाटलं होतं कातडं मऊ असेल. ते तसं नव्हतं, जुन्या चपलेच्या तळासारखं होतं. मी चोळायला लागले, तसा तांबड्यानं जरासा भार माझ्या हातावर टाकला. माझा फोटोतला बैल असं काही करत नव्हता.

“मामा, तुम्ही ग्रुप का सोडला?”

“म्या कुठं सोडला? बोट लागलं.”

“बरं.”

आम्ही दोघं दोन बाजूंनी चोळत राहिलो. मग मामा म्हणाले.

“तुजी गोष्ट मला एका जागी पटत न्हाय.”

“मारायचं ते ना?”

“ते हायच. पर त्याच्या आदी. बैल वाट चुकतो, हे मला पटत न्हाय.” त्यांनी वाटी कोनाड्यात ठेवली. “भूकंपानंतर हितं नवी घरं झाली, तवा माजं नुकतं लगीन झालं हुतं. जुनं गाव कुठं गेलं ते कळंना, नवं कळंना. समदी घरं येकसारखी. रानातनं यायचो, आन् दुसऱ्याच्याच दारात जू सोडायला लागायचो. बैल थांबायचा न्हाय. मला वढत न्यायचा आन् बरोबर आपल्या दारात हुबा. ह्याच्या आदीच्या जोडीतला हुता त्यो. तवा माणसांनी वाटा चुकल्या, बैलांनी न्हाय.”

मामा हे सांगताना हसत होते. मी हसत होते की नाही, आठवत नाही.

“म्हणजे बैलमुंड्याला बाहेरची वाट माहीत आहे?”

“आसनारच.”

“मग तो येत का नाही?”

मामांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं आपण एखाद्या शिकलेल्या माणसाकडं कौतुकानं बघतो. “भायेर कुनी वाट बघत आसंल तर यील. कुनी न्हाय म्हटल्यावर कशाला यील?”

तेवढ्यात आत्या आल्या. शेवटचं वाक्य त्यांनी ऐकलं असावं. “आन् कडबा का टाकत न्हाईत त्याला?” त्या दारातूनच सुरू झाल्या. “सारखी माणसंच आत सोडतेत! बैलानं करावं काय? येवढा मोठा राजा, आन् पेंडीभर कडबा निघंना त्याच्या घरात.”

मामांनी पळसाची पानं घेतली, दोन्ही बैलांच्या खांद्याला लावली, आणि तांबड्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाले, “आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.” तांबड्याचा कान हलला. मामांनी ते दुसऱ्याच्याही कानात सांगितलं. बैलाला ‘अहो-जाहो’ करतात, हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. तरी त्या दिवशी मला ते पहिल्यांदा ऐकल्यासारखं वाटलं. मग मी पुण्याच्या मुलीचा विचार केला. तिचं खरं होतं, लोकांच्या दबावाखाली बदलायचं नाही. पण मला आता कुणी दाबत नव्हतं. मला आता ती तलवार काढवतच नव्हती.

पोळ्याच्या दिवशी सकाळी मी मामांच्या ओट्यावर टॅब घेऊन बसले. ही चूक झाली. आधी शेजारच्या काकू आल्या, मग कालचे कट्ट्यावरचे दोघं, मग मिरवणुकीसाठी बैल घेऊन निघालेला प्रत्येकजण दोन मिनिटं थांबायला लागला. सगळे माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते.

“शिंगाला बेगड लावा की.”

“अवो, त्यो आत कोंडलाय, बेगड कुठनं यील?”

“बरं मग माळ तरी. घुंगराची.”

“आंधारात घुंगरू वाजलं तर पंखवालीला कळंल कुठं हाय ते,” एक म्हातारा म्हणाला. हे मात्र खरंच चांगलं होतं, ते मी घेतलं.

पान असं झालं. पंखवालीची तलवार उगारलेली. ती मागं सरते आणि तिच्याच तलवारीनं तिचा दोरा तुटतो. हातातला दिवा विझतो. आता ती हरवली. सगळ्या भिंती सारख्या, सगळी दारं सारखी. अंधारात घुंगरू वाजतं. तो वळून चालायला लागलाय. ती तलवार खाली ठेवते आणि त्या आवाजामागून जाते. मी तीन चौकटी नुसत्या काळ्या ठेवल्या, त्यात फक्त घुंगराचा आवाज. मग उजेड. दारापाशी बैलमुंड्या थांबतो, उंबऱ्याच्या आत, कारण त्याला बाहेर कुणी बोलावलेलं नाही. तेव्हा पंखवाली पुढं होते, टाचा उचलते, चपलांचे पंख जरासे हलतात, आणि ती त्याच्या कानात सांगते: आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.

मी हात थांबवला. शेजारच्या काकूंनी पदरानं नाक पुसलं आणि सर्दी झाल्याचं सांगितलं. मामा जवळ आले, चष्मा लावून त्यांनी पान फार वेळ बघितलं. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते.

“शिंग चुकलंय,” ते म्हणाले. “डावं आत वाकलंय त्याचं. तू उजवं काढलंस.”

मी बघितलं. खरंच, चौकटीत बसवायला मी फोटो उलटवला होता आणि पहिल्या पानापासून शिंग उलटं काढत होते, इतके दिवस. सगळं गाव वाचत होतं आणि मामांनी ते मनातच ठेवलं होतं. मी तिथंच दुरुस्त केलं. मग ते मिरवणुकीला गेले, तांबड्याच्या पाठीवर नवी झूल, शिंगांना बेगड, आणि मी आत्यांबरोबर पुरणाच्या पोळ्या लाटायला आत गेले. त्यातली पहिली तांबड्याला.

पान गेल्यावर ग्रुपात जो गोंधळ झाला, तो मागच्यापेक्षा मोठा होता, पण चांगला होता. सास्तूरची माणसं परत आली. मामांनी नवऱ्याला फोन करून सांगितलं, “मला घ्या बरं परत, कसं बोट लागलं काय म्हाईत.” कळंबच्या गुरुजींनी चार चुका काढल्या आणि खाली लिहिलं, ‘तरी चालेल.’ मी धाराशिवला परतले. दुपारी चाची शिरखुर्म्याचा डबा ठेवून गेल्या, ईद नसताना.

सगळेच खूश झाले असं मात्र नाही. पुण्याच्या मुलीनं मला दोनच ओळी लिहिल्या. तिला हा शेवट गोडगोड वाटला, आणि तिनं माझं कॉमिक वाचणं सोडलं. मला वाईट वाटलं, अजूनही वाटतं, कारण माझ्या चित्रांकडं तिच्याइतक्या बारकाईनं कुणी बघितलं नव्हतं. व्यायामशाळेतली बरीच पोरंही गेली. म्होरक्या तेवढा राहिला. तो बॅनर सांगायला आला तेव्हा मी विचारलं, “काय, फाईट झाली नाही म्हणून राग आला ना?”

“आला की,” तो म्हणाला. “पण आईला वाचून दाखवलं. ती म्हणली पुन्हा वाच. तीनदा वाचायला लावलं, ताई. आता माझं तर तोंडपाठ झालंय.”

त्यानंतर काही आठवड्यांनी मला तेरला एका दुकानाच्या पाटीचं माप घ्यायला जायचं होतं. एसटीत माझ्या पुढच्या बाकावर दोन बायका बसल्या होत्या, बाजाराच्या पिशव्या पायाशी. एक दुसरीला काहीतरी रंगवून सांगत होती. मी आधी लक्ष दिलं नाही. मग ‘बैलमुंड्या’ हा शब्द कानावर आला.

“मग काय, आनला तिनं त्याला घरला. तिच्या बापानं रानात खोपट बांधून दिलं. आता राखण करतोय. एक रानडुक्कर येत न्हाय शिवारात.”

मी हे काढलं नव्हतं; सणांच्या फ्लेक्सच्या गर्दीत पोळ्यानंतर एकही नवं पान गेलं नव्हतं. मी अजून त्याला उंबऱ्यातून बाहेरही नीट काढलं नव्हतं. माझ्या डोक्यात पुढच्या पानाचं काहीच ठरलेलं नव्हतं. मी पुढं वाकले.

“मावशी, हे कधी झालं?”

ती बाई वळली. माझ्याकडं तिनं नीट बघून घेतलं. “तुमी वाचत न्हाय व्हय? मोबाईलवर येतंय की. आमची पोरगी दावती.” तिनं पिशवी सरकवली आणि माझ्याकडं वळून बसली, आता ऐकणारी आणखी एक मिळाली म्हणून. “लई चांगला हाय बघा त्यो. नुसतं त्वांड बैलाचं. आता त्याचं लगीन जमवायलेत म्हणं.”

“लगीन?” तिच्या शेजारचीनंही हे पहिल्यांदाच ऐकलं असावं. “कुठली पोरगी?”

त्या बाईनं खिडकीबाहेर बघितलं. बाहेर शिवारात तूर हलत होती.

“बेंबळीची,” ती म्हणाली.